बंडू आणि कुत्र्याची छत्री

बंडूची मुंज झाली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि पंगतीत बसून लाडू खाल्ले होते. त्यामुळे ह्या बाबतीत माझा शब्द मानायला हरकत नाही. बंडू हे झाड होते.

पिंपळाची मुंज करतात, त्यात काही नवल नाही. आमच्या नाशकात कितीतरी पिंपळांना जानवी आहेत, आणि ती वेळच्या वेळी बदलली जातात, जे सगळ्या माणसांबद्दल सांगता येणार नाही. पण बंडू पिंपळ नव्हता. तो नक्की कोण होता हे गावात फक्त नाथरावांना माहीत होते, आणि ते सांगू लागले की ऐकणाऱ्याला कुठेतरी तातडीने जायचे असल्याचे आठवे.

नाथराव जंगल खात्यात रेंजर होते. आग्रा रोडला, द्वारका नाक्याच्या अलीकडे, त्यांचा कौलारू बंगला. नोकरीच्या उमेदीत सरकारी कामाने ते पार तिनेवेल्लीकडच्या घाटांत जाऊन आले. तिकडून येताना लोक चंदनाची पेटी आणतात. नाथरावांनी करवंटीत लावलेले वीतभर रोप आणले, तेही सबंध प्रवासभर मांडीवर धरून. डब्यातल्या बायका त्यांच्याकडे फार करुणेने पाहत होत्या म्हणे.

ते रोप देवदाराच्या घराण्यातले होते. ह्या घराण्यातली मंडळी हिमालयात राहतात, पानांच्या सुया करतात आणि अंगावर बर्फ घेतात. दक्षिणेत मूळचा असा त्या घराण्याचा हा एवढा एकच गडी. तोही गर्द रानात, क्वचित, एखाददुसरा. त्याने सुया केव्हाच टाकून दिल्या आणि चांगली रुंद, चकचकीत पाने केली. त्यामुळे "हा देवदाराचा चुलतभाऊ" असे नाथरावांनी कौतुकाने सांगावे आणि पाहुण्याने "जांभूळ का?" म्हणून विचारावे, असे वर्षानुवर्षे चालले होते. पण पान उजेडात धरले की पाहुणा जांभूळ मागे घेई. पानाला मधली शीरच नव्हती. देठापासून टोकापर्यंत बारीक बारीक रेघा, कोणीतरी ओल्या केसांतून फणी फिरवावी तशा. नाथराव सांगत, जगात पहिले फूल उमलण्याच्या आधीपासून हे घराणे उभे आहे. तेव्हा मधमाशी नव्हती, गुलाब नव्हता, नाशिक नव्हते. ह्यातले नाशिक नव्हते हे ऐकून काही लोक दुखावत.

नाथरावांच्या पत्नी मंगलाबाई. मूल नव्हते. एवढे सांगून मी पुढे जातो, कारण त्याही एवढेच सांगून पुढे जात.

बंडूला आठवे लागले तसे त्यांनी भटजींना बोलावले. भटजी म्हणाले, "मंगलाबाई, हा अश्वत्थ नव्हे. शास्त्रात बसत नाही."

"आठवं लागलं ना त्याला?"

"लागलं असेल. पण..."

"मग उद्या घोडा झाल्यावर करायची का मुंज?"

भटजींनी पंचांग उघडले. शेंडी ठेवायची तर आधी हजामत हवी, म्हणून न्हावी आला. गिऱ्हाईक कुठून सुरू होते ते पाहत तो झाडाभोवती बराच वेळ फिरला. मग खालच्या फांद्या उतरवल्या आणि शेंड्याची तेवढी ठेवली. बुंध्याला लंगोटी नेसवली. मातृभोजनाला मंगलाबाई झाडासमोर पाट मांडून एकाच ताटात जेवल्या. एक घास स्वतःला, एक मुळाशी. त्या वेळी पंगतीत कोणी हसले नाही. मीही नाही, आणि मला तर हसायचे असते तरी तोंड मोकळे नव्हते.

बंडू पंचविशीला आला त्या वैशाखात नाथराव सकाळी भिंग घेऊन झाडाखाली गेले. पानांच्या बगलेत बारीक देठ आले होते आणि देठाच्या टोकाला हिरवा मणी. नाथरावांनी मणी पाहिला. भिंग धोतराला पुसून पुन्हा पाहिला. मग ओट्यावर येऊन बसले.

"अहो, काय झालं?" मंगलाबाईंनी विचारले.

"बंडू मुलगी आहे."

मंगलाबाईंनी झाडाकडे खालपासून वरपर्यंत नीट पाहिले. "मग जानव्याचं काय करायचं?"

नाथरावांची तीस वर्षे सरकारी नोकरी झालेली होती. जिथे नियम नसतो तिथे काय करायचे हे त्यांना ठाऊक होते. ते म्हणाले, "राहू दे तसंच."

ह्या जातीत एक झाड नर असते नाहीतर मादी. नराचे पराग वाऱ्याने यायचे आणि मण्यात शिरायचे, म्हणजे बी धरते. आमचा वारा गंगापूरकडून निघून आडगावपर्यंत जाणारा. तिनेवेल्लीहून नवरा आणायची त्याची ऐपत नव्हती. दर वैशाखात मणी आले, थांबले, आणि गळून गेले.

त्यात आंबा पडला. म्हणजे झाड पडले. नाथरावांच्या कंपाउंडाला लागून माझ्या दोस्ताच्या, शफीच्या बापाची लाकडाची वखार. हरसूलकडून येणाऱ्या सागाच्या गाड्या तिथे सुटायच्या. मधल्या भिंतीशी वखारीचा एक जुना आंबा होता, आणि दुपारच्या उन्हात त्याची सावली बंडूवर पडे. शफीच्या बापाने एका उन्हाळ्यात तो आंबा पाडला. त्याची जागा, त्याचे झाड. नाथरावांना काही बोलता येईना, म्हणून ते वखारीशी बोलायचेच बंद झाले. सावलीत वाढलेल्या बंडूची साल पश्चिमेकडून भाजली, तडकली, आणि त्या बाजूच्या फांद्या वरून खाली अशा वाळत आल्या. नाथरावांनी कलमे लावून पाहिली, सगळी कुजली. पूर्वेच्या दोन फांद्या राहिल्या, मणी येत ते तेवढ्यांवर.

"पुढच्या वैशाखाला त्याही नसतील," नाथराव मला म्हणाले. हे चौतीस सालच्या आरंभीचे. मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन शाळेत सायन्सचा बदली मास्तर होतो आणि त्यांच्या आउटहाउसात भाड्याने राहत होतो. "ह्या वैशाखात बी धरलं तर धरलं. नाहीतर बंडूच्या मागे कोणी नाही."

बंडूच्या मागे कोणी नाही, हे सांगताना त्यांनी मंगलाबाईंकडे पाहिले नाही.

आता कुत्र्याच्या छत्र्यांकडे येतो. त्या आधीच्या पावसाळ्यात बुंध्याच्या भाजलेल्या बाजूला उगवल्या. छत्री म्हणणेही जास्तच; नखाएवढे, फार तर रुपयाएवढे पंखे, दांडा नाही, वरून पांढुरकी लव, एखाद्या म्हाताऱ्याच्या कानासारखे. ही जात कुठे उगवत नाही ते शोधायला लागेल. वखारीतल्या ओंडक्यांवर ती होती. बैलगाडीच्या जुवावर होती, शाळेतल्या बाकाखाली होती, आणि एका माजी नगरशेठजींनी दाराबाहेर विसरलेल्या काठीवरही मी स्वतः पाहिली आहे. शेठजींनी ती काठी तशीच वापरली.

नाथराव रोज सकाळी काथ्याचा ब्रश घेऊन छत्र्या खरवडत. "हरामखोर. माझं पोर खायला आलेत."

"काका, त्यांनी मारलेलं नाही. उन्हानं जेवढं मेलं तेवढंच खातायत."

"मेलं म्हणू नकोस."

"बरं. वाळलं."

"वाळलंही म्हणू नकोस," नाथराव म्हणाले, आणि ब्रश चालवत राहिले. दुसऱ्या पावसाला छत्र्या पुन्हा हजर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शाळेचा सूक्ष्मदर्शक घरी आणला होता. एके दिवशी ओसरीवर बसून फळीवरची एक छत्री काढली. दिवाळीत शफीच्या वखारीतून आणून ठेवलेली. आता ती आवळून इतकीशी झाली होती, की कोणी पानातली सुपारी समजून तोंडात टाकली असती. मी ती ओल्या टीपकागदावर ठेवली आणि वर थेंबभर पाणी सोडले. शेजारी मंगलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या वर्षी वैशाख अधिक यायचा होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे द्यायचे; ह्यांना जावई नव्हता तरी त्या दर अधिकात अनारसे करीत आणि आळीतल्या सगळ्या जावयांना वाटून टाकीत.

"ह्या छत्रीत नर कोणता आणि मादी कोणती?" त्यांनी विचारले.

"नर-मादी नसतातच, काकू."

"मग?"

"प्रकार असतात. दोन नाहीत, शेकडो. मोजणारे अजून मोजतायत. नियम एवढाच, की समोरचा अगदी आपल्याच प्रकारचा नको."

"सगोत्र नको."

"तेवढंच. बाकी कोणीही कोणालाही चालतं."

"पत्रिका?"

"नाही."

"मानपान? रुसवेफुगवे?"

"लाकडाच्या आत दोन धागे चालत येतात, एकमेकांना लागतात, की झालं. नाशिकची छत्री आणि विलायतेची छत्री एका ओंडक्यात ठेवली तरी जमतं."

मंगलाबाईंनी तांदळातला खडा काढून अंगणात टाकला. "आणि आमच्या बंडूला मुंबई इलाख्यात एक स्थळ नाही."

आतून नाथराव ओरडले, "वाल्मीक, तुलना कसली करतोस रे? एक कुठलं घराणं, आणि एक उकिरडा!"

मला उत्तर द्यायचे होते, पण मी टीपकागदाकडे पाहिले आणि राहून गेले. सुपारी उलगडत होती. घडी केलेला पंखा कोणी अगदी सावकाश उघडावा तशी कड बाहेर आली. मी ती उलटी केली. खालच्या बाजूला गुलाबी-करड्या पाकळ्या, प्रत्येक उभी चिरलेली. कोरडे होताना चिरांच्या कडा वळून शेजारणींना मिठी मारून बसल्या होत्या, त्या आता सुटत होत्या. दुपारचा चहा होईतो तिचा पूर्ण पंखा झाला.

मी नाथरावांना हाक मारली. ते ब्रश घेऊनच आले.

"ही दिवाळीपासून फळीवर होती, काका. पाण्याचा थेंब नाही."

"मग मेलेली असणार."

"असणार. पण बघा."

कौलातून ओसरीवर एक कवडसा पडत होता. मी छत्री चिमट्यात धरून कवडशात नेली. आधी काही दिसले नाही. मग तिच्या खालून धूर निघाला. धूरच, देव्हाऱ्यातली उदबत्ती विझत आली की एक शेवटची रेघ उठते तसा, पण हा थांबेना. पांढरी, बारीक, वळणे घेत जाणारी रेघ, आणि तिच्यात धुळीपेक्षाही बारीक कण चमकत होते. ती कवडशाच्या उजेडात वर गेली, आढ्यापाशी पसरली आणि दिसेनाशी झाली. ह्यातला कण अन् कण एक बी होते. वारा त्यांतले काही पंचवटीत टाकील, काही मनमाडला, आणि एखादे, कोणी सांगावे, पार तिनेवेल्लीच्या घाटात. सहा महिने उपाशी, फळीवर, माझ्या दाढीच्या सामानाशेजारी राहिलेल्या चिमूटभर वस्तूने थेंबभर पाणी प्यायले आणि आपला कारभार जगभर सुरू केला.

मंगलाबाईंनी नकळत हात जोडले. मग कुत्र्याच्या छत्रीला जोडले हे लक्षात येऊन पदराला पुसले.

नाथरावांनी ब्रश खाली ठेवला. "हिला कोणी सांगितलं, थांब, पाणी येईल म्हणून?" ते म्हणाले. दुसऱ्या सकाळी त्यांनी बुंधा खरवडला नाही.

अधिक वैशाख लागला आणि पार्सल आले. नाथरावांचा तिनेवेल्लीकडचा एक जुना सहकारी दोन वर्षे रानात नर झाड शोधत होता, त्याला ते सापडले होते. शफी आणि मी टांग्याने नाशिक रोडला जाऊन खोके सोडवून आणले. शफी माझा शाळेपासूनचा दोस्त, पण नाथरावांच्या फाटकाशी तो उतरून गेला.

"नवरामुलगा तुझ्या मांडीवर," तो मला म्हणाला. "नीट धर मास्तर, वरबापाची शान राख."

खोके उघडले. ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या काड्या, आणि त्यांना परागांचे तुरे. तुरे वाटेतच फुटले होते. खोक्याच्या तळाला पिवळी चिमूटभर भुकटी तेवढी राहिली होती. एका काडीवर मात्र टवटवीत, जोमदार अशी कुत्र्याची छत्री बसलेली होती.

"ही तिथेही!" नाथराव म्हणाले. पण ब्रश मागितला नाही.

त्यांनी भुकटी कागदावर झाडून घेतली. "उद्या सकाळी. ही फार दिवस टिकत नाही."

"उद्या नाही," मंगलाबाई म्हणाल्या.

"का?"

"अधिक आहे. अधिकात लग्न लावत नाहीत."

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिले. त्या गंमत करीत नव्हत्या.

"अगं, हे लग्न म्हणजे..." नाथराव म्हणाले, "हे वनस्पतिशास्त्र आहे."

"मुंज केली ती काय होती? ताट मांडून जेवले मी त्याच्याबरोबर. आता लग्न तेवढं शास्त्र सोडून करू? आणि त्याचं काही वाईट झालं म्हणजे?"

"महिना संपेतो भुकटी मरेल. मणी गळतील." नाथरावांचा आवाज खाली आला. जंगल खात्यात त्यांचा आवाज दोन टेकड्यांपलीकडे जाई असे म्हणत. "मंगला, बंडूला पुढचा वैशाख नाही."

त्यांनी बायकोला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. मंगलाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळी आत तळणीचा आवाज बराच वेळ येत होता.

सकाळी उठून पाहतो तो ओसरीवर पाट मांडलेला, भोवती रांगोळी, पाटावर पार्सलाचे खोके, आणि समोर चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा. मंगलाबाई नऊवारी शालू नेसल्या होत्या.

"लग्न नाही लावायचं," त्या म्हणाल्या. "लग्न झालंय असं धरायचं. तिकडे, त्यांच्या गावी, मागल्या महिन्यात. आम्हाला जाणं जमलं नाही. आता जावई धोंड्याचं वाण घ्यायला सासुरवाडीला आलेत. त्याला कोण नाही म्हणतं?"

नाथरावांनी विचार केला. मग आत जाऊन कोट घालून आले आणि खोक्याला नमस्कार केला. मीही केला. खोक्याने मान राखला.

प्रश्न शिडीचा होता. राहिलेल्या दोन फांद्या उंच. मुंजीच्या वेळी न्हाव्याने खालच्या उतरवल्या होत्या आणि बंडूने तो संस्कार मनावर घेतला होता. नाथरावांची शिडी निम्म्यापर्यंत पोचेना. एवढ्यात भिंतीवरून आवाज आला, "रेंजरसाहेब, सलाम. शिडी पाठवू का?"

शफी होता. नाथरावांनी भिंतीकडे पाहिले नाही. "कसली आहे?"

"सागाची. आंब्याची नाही आणली, म्हटलं साहेबांना वास येईल."

मी डोळे मिटून घेतले. नाथराव म्हणाले, "आण."

शफीने शिडी लावली, धरली, आणि मला वर पाहून म्हणाला, "चढ मास्तर. पडलास तर माझ्यावर पडू नकोस, माझं अजून व्हायचंय."

मी चढलो. ऊन नुकते फांद्यांपर्यंत आले होते. आणि तिथे मी जे पाहिले ते सांगताना मला विनोद सुचत नाही, हे आधीच सांगतो. प्रत्येक हिरव्या मण्याच्या तोंडाशी एक थेंब होता. दव नव्हे, दव पानावर कुठेच नव्हते. मोहरीपेक्षा लहान, स्वच्छ, गोल थेंब, त्या झाडाने स्वतः आतून काढून बाहेर धरलेला. पस्तीस-चाळीस मणी, तितके थेंब, आणि प्रत्येकात सूर्य. पहिले फूल व्हायच्या आधी ह्याच्या पूर्वजांनी रोज सकाळी असाच थेंब बाहेर धरला असणार, आणि वाऱ्याने त्यात पराग टाकला असणार. आग्रा रोडला, वखारीशेजारी, अर्धे जळालेले हे झाड वर्षानुवर्षे रोज सकाळी थेंब बाहेर धरत होते, आणि नाशिकचा वारा त्यात धूळ टाकत होता.

"काय दिसतंय?" खालून नाथराव. "बोल ना!"

मी खिशातला कुंचला भुकटीला लावला आणि एका थेंबाला टेकवला. पिवळे कण थेंबात तरंगले. मग थेंब लहान होऊ लागला. उन्हाने नव्हे, शेजारचे तसेच भरलेले होते. कण पोटात घेऊन तो मण्यात परत जात होता, आणि थोड्या वेळाने तिथे नुसते मिटलेले तोंड राहिले.

"घोट घेतला, काका."

खालून मंगलाबाईंचा आवाज आला, अगदी घरगुती, "जावई जेवले म्हणायचे."

मी जमतील तेवढ्या मण्यांना कुंचला लावला. उतरलो, तर नाथराव कोट काढून उभे. गुडघा अधू, वय साठीच्या घरात. "मला बघायचंय."

शफीने खालून ढकलले, मी वरून ओढले. आम्ही त्यांना फांदीपर्यंत पोचवले. एका मण्याला त्यांनी स्वतः कुंचला लावला आणि भिंग न लावता पाहत राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. शफीच्या हाताला रग लागली आणि तो शिवी गिळून उभा राहिला एवढे आठवते. उतरल्यावर नाथरावांनी दोन्ही हातांनी शिडी चाचपली.

"बापाला सांग," ते शफीला म्हणाले, "शिडी चांगली आहे."

"सांगतो, साहेब," शफी म्हणाला. मंगलाबाईंनी त्याच्या रुमालात अनारसे बांधले. जावयाचे वाण शेजाऱ्याला कसे, असे मी विचारले, तर त्या म्हणाल्या, "त्यानं शिडी धरली. करवल्याचा मान."

पाऊस आला तसे मणी गळू लागले. रोज सकाळी नाथराव गळालेले वेचत आणि तळहातावर घेऊन बसत. पश्चिमेच्या बाजूला छत्र्या दाटून आल्या, पायरीवर पायरी, थरावर थर. पावसात त्या फुलून येत, उघडीप पडली की मिटत, पुन्हा पाऊस आला की उघडत. सबंध बुंधा श्वास घेतल्यासारखा दिसे. एका अंगाने झाड जात होते, त्याच अंगाने ह्यांची वस्ती वाढत होती. नाथराव बुंध्यासमोर उभे राहत, कधी एखाद्या छत्रीच्या लवेवरून बोट फिरवत. एकदा मला म्हणाले, "हिला कुठेही घर मिळतं रे. ह्याला एकच मिळालं, तेही माझं." त्यात तक्रार नव्हती.

दसऱ्याला पूर्वेच्या फांदीवर पाच मणी राहिले होते, आणि ते फुगत होते. मंगलाबाईंनी खारींच्या भीतीने त्यांना मलमलच्या चिंध्यांच्या पिशव्या बांधायला लावल्या. दिवाळीनंतर फळे जांभळी-काळी झाली. पाने तोवर पिवळी पडली होती. शफीने शिडी आणली, मी पाचही उतरवली आणि नाथरावांच्या ओंजळीत दिली.

"फळ धरलं म्हणजे बी धरलं असं नाही," नाथराव म्हणाले. "पोकळही असतं."

रेंजर लोकांची पद्धत अशी, की गर काढून बी पाण्यात टाकायचे. पोकळ असेल तर तरंगते. भरीव असेल तर तळाला जाते. मंगलाबाईंनी तांब्याचे घंगाळ चिंचेने घासून लख्ख केले, काठोकाठ पाणी भरले आणि ओसरीच्या मध्ये आणून ठेवले. आम्ही चौघे भोवती बसलो. शफी भिंतीवरून आला होता. फाटक आता त्याला लांब पडे.

नाथरावांनी पहिले बी सोडले. तरंगले. दुसरे सोडले. तरंगले आणि पहिल्याला जाऊन चिकटले. तिसरे हातात घेऊन त्यांनी ते कानाशी नेले, काय ऐकले कोणास ठाऊक, आणि सोडले. तरंगले. मंगलाबाईंनी चौथे स्वतः टाकले. तेही वरच राहिले, आणि चारही बिया पाण्यावर एकत्र येऊन हलकेच फिरू लागल्या.

पाचवे नाथरावांच्या हातात होते. ते हात पुढे करीनात.

"साहेब, पाण्याला काय घाबरता," शफी हलकेच म्हणाला, "आपण सगळे बसलोय ना."

नाथरावांनी बी पाण्यावर ठेवले. टाकले नाही, ठेवले. ते तरंगले. मंगलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी काहीतरी बोलायचे म्हणून तोंड उघडले होते, आणि तेवढ्यात त्या बियाच्या कडेला चिकटलेला एक बुडबुडा सुटला.

बी कलले. क्षणभर उभे राहिल्यासारखे झाले आणि खाली निघाले, घाई न करता, घंगाळाच्या लाल उजेडातून, एकदा ह्या अंगावर, एकदा त्या अंगावर वळत. तळाला लागले तेव्हा आवाज झाला. एवढासा, पण तांब्याचा.

"बुडालं!" मंगलाबाई ओरडल्या, "अहो, बुडालं!" आणि रस्त्याने चाललेला एक गाडीवान घाबरून बैल थांबवून आत पाहू लागला.

नाथरावांनी बाही वर न करताच हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत कोट भिजला. पण त्यांनी बी उचलले नाही. त्याच्याभोवती ओंजळ धरली आणि तसेच वाकून राहिले.